पापणीखालचं गाव

अय्यप्पुण्णी आशानांच्या तोंडाला कुणाचा हात लागला की त्यांना झोप यायची. यात त्यांचा काही दोष नव्हता. चौदाव्या वर्षापासून ते कथकळीचा रंग लावून घेत आले होते. रंग लावून घ्यायचा म्हणजे चटईवर उताणं पडायचं, डोकं चुट्टीवाल्याच्या मांडीशी द्यायचं, आणि तो तांदळाच्या पिठीने जबड्याच्या कडेकडेने कागदाची पांढरी महिरप बसवत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. तासन् तास असा पडून राहिलेला माणूस एक तर तत्त्वज्ञ होतो, नाहीतर घोरायला लागतो. आशान तत्त्वज्ञ झाले नाहीत. झोपेत शिरताना माणूस आणि बाहेर येताना असुर, असा त्यांचा शिरस्ता पडून गेला होता, आणि त्याबद्दल त्यांची किंवा असुराची काही तक्रार नव्हती. गावच्या न्हाव्याकडेसुद्धा ते अर्ध्या दाढीपर्यंतच जागे असत.

त्यामुळे पेरिंतलमण्णाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर सुहराने त्यांना खुर्चीत मागे रेलवलं आणि थंडगार बोटांनी त्यांची उजवी पापणी खाली ओढली, तेव्हा पुढे काय होणार हे वेलायुधनने तिला आधीच सांगून ठेवायला हवं होतं. वेलायुधन म्हणजे आशानांचा चुट्टीवाला. आशानांचा चेहरा त्याला स्वतःच्या अंगणापेक्षा जास्त ओळखीचा होता. पण तो त्या वेळी कॅन्टीनमध्ये केळ्याची भजी खात होता, आणि भजी खाताना वेलायुधनला दुसरं कुणी आठवत नसे.

आशानांच्या डोळ्यांतला दाब वाढला होता. डावा डोळा हूं की चूं न करता, भाडेकरू रात्रीतून निघून जावा तसा केव्हाच गेला होता. उजव्याला दिसायचं, पण बांबूच्या नळकांड्यातून दिसावं तसं. समोरचा दिवा दिसे, दिव्याशेजारचा माणूस दिसत नसे. थेंब दिले होते, दिवसातून तीनदा. त्यांतले बरेचसे गालावर पडत, काही कानात, आणि एखादा चुकून डोळ्यात.

"तुमचा गाल अगदी ठणठणीत आहे, आशान," डॉक्टर सुहरा म्हणाली होती. "इतकं औषध मिळालेला गाल मी अख्ख्या मलप्पुरम जिल्ह्यात पाहिलेला नाही. आता जरा डोळ्याचं बघू."

ती तिशीतली, हसऱ्या तोंडाची आणि कडू बोलणारी मुलगी होती. चिमट्याच्या टोकावर तिने जे धरलं होतं ते आशानांना आधी दिसलंच नाही. मग दिसलं. तांदळाच्या कणीचा तुकडा असावा तसं काहीतरी, धुक्याच्या रंगाचं.

"हा खालच्या पापणीत बसेल. औषध याच्या आतच आहे. सहा महिने हळूहळू झिरपत राहील, तुम्हाला काही करायला नको. प्रयोग चाललाय आमचा, त्यामुळे माणशी एकच कण मिळतो. हरवला तर दुसरा नाही."

"एवढ्याशात सहा महिन्यांचं औषध मावतं?"

"आतून सगळा पोकळ आहे. छिद्रंच छिद्रं. किती बारीक म्हणाल, तर तुमचा एक केस म्हणजे आपली भारतपुळा नदी समजा, या काठापासून त्या काठापर्यंत. मग यातलं एक छिद्र म्हणजे त्या नदीतून वाहत चाललेला एक नारळ. नॅनो म्हणतात ते हेच. प्रत्येक नारळात औषधाचा एक-एक चिमुकला घोट बसलाय. आपापली पाळी आली की तो बाहेर येतो."

आशानांनी एवढं ऐकलं. "नारळ," ते म्हणाले. मग थंड बोटं पापणीला लागली आणि त्यांना झोप लागली.

डॉक्टर सुहराला वाटलं, म्हातारा डोळे मिटून एकाग्र होऊन ऐकतोय. थोर कलावंत, वयोवृद्ध माणूस. तिने कण बसवला आणि मग सावकाश, एकेक करून सगळं सांगितलं. डोळा चोळायचा नाही. महिन्याने दाखवायला यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या डोळ्यात चुंडा अजिबात घालायचा नाही. त्या बियाने डोळा चिडेल, पाणी सुटेल आणि कण वाहून जाईल. प्रत्येक वाक्यानंतर आशानांनी "हूं" केलं. झोपेत हूं म्हणायची त्यांना चांगली सवय होती. वेलायुधन रंग लावताना आपल्या मेव्हण्याच्या कागाळ्या सांगत असे, आणि त्याला आजवर एकदाही शंका आली नव्हती.

चुंडा हे तिकडचं एक झुडूप आहे, आपल्या रानवांग्याच्या भावकीतलं. त्याच्या फुलाच्या बुडाशी असलेलं कोवळं बी तळहातावर चोळून चोळून काळं करतात आणि खेळाला उभं राहण्यापूर्वी पापणीत ठेवतात. डोळा दुखत नाही, नुसता कुंकवासारखा लालभडक होतो. हिरव्या रंगाच्या चेहऱ्यात पांढरे डोळे असले तर तो असुर वाटत नाही, कावीळ उतरणीला लागलेला माणूस वाटतो. म्हणून चुंडा हवाच.

खुर्चीत आशान झोपले होते तेवढ्यात त्यांना स्वप्न पडलं. एक पांढरीशुभ्र नदी वाहत होती, दुधासारखी, पण दुधाहून पातळ. नदीतून नारळ वाहत चालले होते, अगणित, आणि प्रत्येक नारळात एक बोटभर माणूस छत्री उघडून बसला होता. कुणाला घाई नव्हती. मधूनच एखादा उठे, छत्री मिटवे, इकडेतिकडे पाहून लवून नमस्कार करी आणि पाण्यात पाऊल टाकी. पाऊल टाकलं की तो साखरेसारखा विरघळून जाई, आणि त्या जागी नदी किंचित थंड होई. नारळांत ओळखीचेही होते. आशानांचे गुरू होते, नेहमीसारखे चिडलेले. जत्रेत सुंठीची कॉफी विकणारा मम्मद होता. आणि वाळूच्या बेटावर डॉक्टर सुहरा उभी होती, हातांत रबरी मोजे. ती तोंडाने काही बोलत नव्हती. कथकळीतल्यासारखी हातांनी बोलत होती. मोजे घातलेले हात असे सुरेख फिरत होते की आशान मनात म्हणाले, बोटं जरा ताठ आहेत, पण पोरीला अंग आहे.

तिचे हात म्हणाले, एका घरात दोन पाहुणे नकोत. पहिला निघून जाईल.

घरी आल्यावर बायकोने, तंकमणीने, पेजेचं ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "अहो, काय म्हणाली डॉक्टर?"

"कण घातलाय."

"ते कळलं. पथ्य काय सांगितलं?"

आशानांनी सुक्या खोबऱ्याची चटणी बोटाने चाखली. त्यांना सगळं आठवत होतं. फक्त त्यातलं कुठलं डॉक्टरच्या खोलीतलं आणि कुठलं नदीवरचं, याचा उलगडा होत नव्हता. पण साऱ्या पंचक्रोशीत आशान, म्हणजे गुरुजी, म्हणवून घेणाऱ्या माणसाने, डॉक्टर बोलत असताना मी घोरत होतो, असं बायकोपुढे कसं म्हणावं?

"आत माणसं आहेत," ते म्हणाले.

"कुठं?"

"कणात. म्हणजे औषध. ते पाळीपाळीने बाहेर येतात. त्यांना दचकवायचं नाही. मोठा आवाज करायचा नाही."

"असं डॉक्टर म्हणाली?"

"साधारण असंच."

तंकमणीने नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात तिने असुराला कधी उलट प्रश्न विचारला नव्हता. तिची खात्री झाली की ती सरळ कामाला लागत असे. त्या दिवसापासून घरात मिक्सर बंद झाला. खोबरं पाट्यावर वाटलं जाऊ लागलं. कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद होई, त्यामुळे डाळ कच्ची राही, आणि ती कच्ची डाळ आशान मुकाट्याने खात, कारण ती त्यांच्याच डोळ्यातल्या लोकांसाठी कच्ची राहिली होती. शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं की आशान उजव्या डोळ्यावर तळहात धरीत, पावसात दिव्यावर धरावा तसा.

आणि दुपारी ते झोपत. झोपताना डोळ्यात गारवा उतरे आणि नदी सुरू होई. गाव वाढत होतं. नारळ काठाला लागून तिथं पायऱ्या झाल्या होत्या, पायऱ्यांवर कुणी कपडे वाळत घातले होते. छत्रीवाली माणसं एकमेकांना वाट देत होती. तिथं कुणी कुणाला हाका मारत नव्हतं, आणि तरी प्रत्येकाला आपली पाळी कळत होती. आशानांना वाटे, बाहेरच्या जगात अशी रांग मी बघितलेली नाही, मग ही माझ्या डोळ्यात कशी आली? जागं झाल्यावर बराच वेळ त्यांना अंगण पाण्याखालून दिसल्यासारखं दिसे, माडाची झावळी इतकी हळू हले की जणू तीही परवानगी मागून हलते आहे.

घोटाळा झाला तो वाचनालयाच्या वार्षिकोत्सवामुळे.

दर वर्षी गावच्या वाचनालयाच्या पटांगणात दिवेलागणीला कथकळी होई, आणि त्यात असुर आशानांचाच. या वर्षी वाचनालयाचे चिटणीस घरी येऊन अत्यंत गोड आवाजात म्हणाले होते, "आशान, यंदाचा खेळ झाला की पुढच्या वर्षी तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ, सगळं." शाल अंगावर पडली की माणूस संपला, हे कलावंताला शिकवावं लागत नाही. म्हणजे हा असुर शेवटचा. मग तो कसा उभा राहायला हवा? डोळ्यांतून निखारे पडायला हवेत.

वेलायुधन चुंड्याची फुलं घेऊन आला तेव्हा तंकमणी ओसरीवर खोबरं वाटत होती.

"चेच्ची, पाटा का? मिक्सर बिघडला?"

"मिक्सर बरा आहे. डोळ्यातली माणसं झोपलीत."

वेलायुधनने मान डोलावली. नटाच्या घरी येऊन-जाऊन तो बराच मुरला होता. तो आशानांजवळ बसला आणि बी तळहातावर चोळू लागला. "आशान, पण हे चालतं ना? कण आहे आत, त्याच्यावर बी?"

आशानांच्या छातीत कुठंतरी एक नारळ दगडाला लागल्यासारखा वाजला. एका घरात दोन पाहुणे नकोत.

"ते स्वप्नातलं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही. म्हणजे डॉक्टरने मला स्वप्नात सांगितलं, की नको. पण हातांनी सांगितलं. ती मलप्पुरमची मुलगी, तिला हस्तमुद्रा कुठून येणार? म्हणजे ते स्वप्नच."

"मग आवाज करू नका, हे कुठलं?"

"ते खरं असावं," आशान म्हणाले.

पाट्यावरचा वरवंटा थांबला. "अहो," तंकमणी म्हणाली, "फोन करून विचारू का तिला?"

"विचारायचं काय त्यात? मी ऐकलंय सगळं माझ्या कानांनी. कुणी विचारायचं नाही."

इथं आशानांना उगाच मूर्ख समजू नये. विचारलं की उत्तर येतं, हे त्यांना नीट माहीत होतं. उत्तर 'घाला' असं आलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण ते तसं येणार नाही हे त्यांच्या पोटाला ठाऊक होतं. न विचारलेली गोष्ट मात्र स्वप्नात राहू शकते, आणि स्वप्नातली बंदी काही कुणी पाळत नाही. राहिलेला एवढासा उजेड की शेवटचा असुर, यांतलं एक निवडायची पाळी आली तर माणूस काय करतो? शक्य तेवढं झोपून घेतो. आशान त्या आठवड्यात फार झोपले.

तंकमणीने फोन केला. पण तिने नवऱ्याचा शब्द मोडला नाही. तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "डॉक्टर, आमच्या गावात शनिवारी खेळ आहे. हे उभे राहणार. तुम्ही या ना. लवकर या, रंग लावताना बघायलाच खरी मजा." अशी ती बाई होती.

शनिवारी उन्हं कलताना वाचनालयाच्या वाचनकक्षात टेबलं भिंतीला लावली होती, वर्तमानपत्रं कपाटावर गेली होती आणि जमिनीवर चटईवर आशान उताणे पडले होते. समई लावलेली होती. गालांवर हिरवा रंग बसला होता, त्यावर सुरीच्या पात्यासारखी लाल पट्टी, नाकाच्या शेंड्यावर पांढरा गोळा. वेलायुधन जबड्याशी महिरप चिकटवत होता आणि मेव्हण्याची नवी कागाळी सांगत होता. "हूं," आशान म्हणत होते. शेजारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर दोन काळे दाणे ठेवले होते.

तंकमणी डॉक्टरला घेऊन आत आली. डॉक्टर सुहराने आधी ते झोपलेलं, अर्ध-माणूस अर्ध-असुर ध्यान पाहिलं आणि तिला हसू आलं. मग तिला पान दिसलं.

"हे काय आहे?"

"चुंडा," वेलायुधन म्हणाला.

"कुणाच्या डोळ्यात जाणार?"

"माझ्या तर नाही."

"अहो, मी यांना निक्षून सांगितलं होतं! समोर बसवून सांगितलं होतं."

"ते तुम्ही स्वप्नात सांगितलं म्हणे."

"कुणाच्या?"

"यांच्या. आणि हातांनी."

"हातांनी?" डॉक्टर सुहरा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भाऊ, मी दिवसातून साठ जणांना तोंडाने ओरडून सांगते तेच कुणी ऐकत नाही. हातांनी सांगायला मी काय वाहतूक पोलीस आहे?"

या आवाजाने आशान जागे झाले. महिरप ओली होती. तोंड उघडलं असतं तर दोन तासांचं काम मोडलं असतं, आणि वेलायुधनने गालावर बोट दाबून तशी ताकीदही दिली. मग आशानांचे हात चटईवरून सावकाश वर आले आणि बोलू लागले. समईच्या उजेडात ते भिंतीवर दुप्पट मोठे दिसत होते.

"काय म्हणतायत?" डॉक्टरने विचारलं.

"म्हणतायत, पांढऱ्या डोळ्यांचा असुर म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई."

"एवढं सगळं दोन बोटांत?"

"कथकळी आहे, डॉक्टर. इथं 'या बसा' म्हणायला अर्धा तास लागतो आणि शिवी एका करंगळीत होते."

हात पुन्हा हलले. या वेळी हळू. वेलायुधनचा आवाजही खाली आला. "विचारतायत, हा कण राहिला तर गेलेलं परत दिसेल का?"

डॉक्टर चटईशेजारी मांडी घालून बसली. "नाही, आशान. गेलं ते गेलं. हा काही आणून देत नाही. हा फक्त असलेलं धरून ठेवतो. तेसुद्धा मी छातीठोक सांगत नाही, प्रयोगच आहे. पण महिन्याच्या तपासणीला तुम्ही आलात तेव्हा दाब उतरला होता."

"आणि बी घातलं तर, असं म्हणतायत."

"डोळा सुजेल. पाण्याबरोबर कण गालावर येईल, तुम्हाला कळणारही नाही. दुसरा मिळणार नाही. मग पुन्हा थेंब, आणि तुमचा गाल खूश." तिने पानाकडे बोट केलं. "मी हात धरणार नाही तुमचा. डोळा तुमचा आहे, असुरही तुमचा."

आता स्वप्नाचा आडोसा उरला नव्हता. आशान छताकडे बघत पडून राहिले. छतावर समईच्या उजेडाचं एक वर्तुळ हलत होतं, आणि त्यात त्यांना ती नदी दिसली, जागेपणी. काठावरची पायरी, वाळत घातलेले कपडे, छत्र्या. सगळे बसले होते आणि पहिल्यांदाच सगळे त्यांच्याकडे बघत होते. कुणी विनवत नव्हतं. गुरूदेखील चिडलेले नव्हते. एवढ्या शांत माणसांना घराबाहेर काढायचं, तेही एका संध्याकाळसाठी? पण ती संध्याकाळ तरी पुन्हा कुठून आणायची?

त्यांनी हात लांब केला आणि पानावरचा एक दाणा उचलला. वेलायुधनचा हात पिठीत तसाच राहिला. डॉक्टरने मान फिरवली. तंकमणी दाराशी उभी होती ती दाराशीच राहिली.

आशानांनी दाणा डाव्या डोळ्यात घातला.

जो डोळा केव्हाच निघून गेला होता, त्यात. मग पापणी मिटली, बुबुळ सवयीने एकदा सगळीकडे फिरवलं, आणि दुसरा दाणा पानासकट वेलायुधनच्या बाजूला सारला.

डॉक्टर सुहराने वाकून त्या डाव्या पापणीकडे पाहिलं. "तिथं माझं काही ठेवलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "पण खेळ संपला की तोही काढून डोळा धुवायचा. आणि हे मी जागेपणी सांगतेय."

"एक लाल, एक पांढरा?" वेलायुधन म्हणाला. "आशान, बाहेर जाणकार मंडळी बसलीयेत. ती काय म्हणतील?"

आशानांच्या हाताने याचं थोडक्यात उत्तर दिलं. वेलायुधनने त्याचा अनुवाद केला नाही.

जाणकार मंडळी पुढे महिनाभर म्हणत राहिली. एक तट म्हणाला, परंपरेचा खून झाला. दुसरा म्हणाला, आशानांनी असुराच्या अंतरंगातला झगडा दाखवला, एक डोळा वासनेचा, एक विवेकाचा, आणि हे पुढची दहा-वीस वर्षं कुणाला कळायचं नाही. त्यावर परिसंवादही झाला. कणाचं नाव कुणीच घेतलं नाही, कारण ते कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी परिसंवादाला ते गैरसोयीचं होतं.

पण ते नंतर. आधी दिवा लागला. चेंडा आणि मद्दळ घुमू लागले, दोघांनी रंगीत पडदा आडवा धरला आणि त्याच्यामागे असुर येऊन उभा राहिला. असुर एकदम पुढे येत नाही. पडद्याची कड दोन्ही हातांनी धरून तो ती इंच-इंच खाली करतो आणि वरून बघतो. लोक त्याचे डोळे बघायलाच आलेले असतात.

आशानांनी कड खाली केली.

इतकी वर्षं दोन्ही डोळ्यांत चुंडा असे. दिवा सुजल्यासारखा दिसे, त्याला पाण्याचे तंतू फुटत, आणि त्याच्यापलीकडे नुसता एक श्वास घेणारा काळोख असे. प्रेक्षक असा आशानांनी कधी पाहिलाच नव्हता. ते आहेत, हे फक्त खोकल्यांवरून कळे. आज डावीकडे निखारा होता आणि काहीच दिसत नव्हतं. उजवीकडे मात्र बांबूच्या नळीएवढं एक गोल, स्वच्छ, गार पाण्यासारखं जग होतं. त्यात दिवा होता, दोन वातींचा, आणि दिव्यापलीकडे तोंडं होती.

असुराने नळी सावकाश फिरवली. चिटणीस मांडीवर मोबाइल लपवून काही बघत होते. एक म्हातारा बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं, चेहरा समाधानी. कुणी शेंगदाणे सोलत होतं. आणि तिसऱ्या रांगेत तंकमणी.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. शेजारी बसलेल्या डॉक्टरकडे वळून ती काही सांगत होती, आणि ढोलांच्या गदारोळात ऐकू येईना म्हणून ती हातांनी सांगत होती. अगदी पुस्तकातल्यासारख्या हस्तमुद्रा नव्हत्या. घरगुती होत्या, भाजी निवडल्यासारख्या, पण एकही चूक नव्हती. अडतीस वर्षांत तिला हे येतं, हे आशानांना माहीत नव्हतं. ती कुठं शिकली? ओसरीवर, ते सराव करत असताना, सूप पुढ्यात घेऊन?

असुर पडद्याआडून वाचू लागला.

आता हा रागावेल, तंकमणीचे हात म्हणत होते. घाबरू नको. याच्यात काही नाही. घरी पाल दिसली की पाटावर चढतो.

असुराच्या घशातून डरकाळी निघाली. ती शास्त्राप्रमाणे तिथं होतीच, पण इतकी मनापासून ती आजवर निघाली नव्हती. झोपलेला म्हातारा जागा झाला. तंकमणीने दचकून वर पाहिलं, आणि तिला तो उजवा, पांढरा डोळा दिसला, तिच्यावर लागलेला. तिचे हात मांडीवर पडले.

जरा वेळाने त्यातला एक उठला. बोटं जवळ आली, उघडली.

दिसतेय का मी?

असुराचे दोन्ही हात पडद्याच्या कडेला गुंतलेले होते, आणि त्या जागी त्याने काय उत्तर द्यावं हे कुठल्याच गुरूने शिकवलेलं नव्हतं. त्याने उजवी पापणी अलगद मिटली आणि अलगद उघडली, आतल्या माणसांना धक्का लागू नये अशी. मद्दळवाल्याने पुढे सरकायचा ठेका एकदा दिला. पुन्हा दिला. चेंडावाल्याने भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं. पडदा धरणाऱ्या दोघांचे हात भरून आले. असुर कड सोडायला तयार नव्हता.